कच्चें मडकें आणि खोटें नाणें

एकाद्या मनुष्यास काम नेमून मिळालें आहे, तें तो रोज करीत आहे, लोक त्यास बरें म्हणत आहेत. आणि तरीही त्याच्या मनांत एक बारीक आवाज चालला आहे कीं, हें काम वस्तुतः माझें नव्हे, मी येथें चुकून आलों, आज ना उद्यां हें उघडकीस येईल आणि लोक मला हात धरून बाहेर काढतील. ही स्थिति आमच्या वाचकांपैकीं कितीकांस अनुभवानें ठाऊक असेल? आम्हांस वाटतें, पुष्कळांस. गांवच्या शाळेंत नव्यानें लागलेला शिक्षक, उपकेंद्रांतील परिचारिका, सरपंच झालेली बाई, तहसील कचेरींत टेबलामागें बसणारा आपल्या वस्तींतला पहिलाच मुलगा, आणि उपासनेच्या वेळीं लोकांपुढें उभा राहणारा उपदेशक, ह्या सर्वांकडून हें गाऱ्हाणें थोड्याफार फरकानें ऐकूं येतें. ह्या माणसांस लबाडी करावयाची नसते. उलट लबाडीच्या भयानेंच तीं झुरत असतात. मग आपण लबाड आहों असें त्यांस कां वाटावें, आणि त्या वाटण्यास किती मान द्यावा, हा प्रश्न आज विचारास घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुखणें जुनें आहे. त्यास नांव मात्र अलीकडे मिळालें. सन १९७८ मध्यें अमेरिकेंतील अटलांटा शहरच्या पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स ह्या दोन विदुषींनीं मानसशास्त्राच्या एका नियतकालिकांत निबंध लिहिला. दीडशेंहून अधिक कर्तबगार स्त्रियांशीं त्यांचा संबंध आला होता. मोठ्या पदव्या मिळवूनही व वरिष्ठांची शाबासकी घेऊनही ह्या स्त्रिया मनांतून स्वतःस तोतया समजत, असें त्यांस आढळलें. परीक्षा उत्तम उतरली, तर परीक्षकाची नजर चुकली. नेमणूक झाली, तर निवडणारांची गफलत झाली. कोणीं स्तुति केली, तर तो भिडेखातर बोलला. ह्या मनःस्थितीस त्यांनीं ‘इंपोस्टर फिनॉमिनन’ असें म्हटलें. पुढें लोकांच्या तोंडीं त्याचें ‘इंपोस्टर सिंड्रोम’ झालें, आणि हा एक रोगच आहे असा समज पसरला. पण मानसिक विकारांच्या ज्या यादीवरून अमेरिकेंतले डॉक्टर निदान करितात, तींत हें नांव नाहीं. आरंभीं हा स्त्रियांचा विषय मानला गेला. नंतरच्या शोधांत पुरुषही त्यांतून सुटलेले नाहींत असें दिसून आलें.

ह्या मनाच्या वहींत मोठा चमत्कारिक जमाखर्च चालतो. यश आलें तर तें दैवाच्या खात्यावर जमा होतें, आणि चूक झाली तर ती आपल्या नांवावर खर्ची पडते. अशी वही लिहिणारा सावकार वर्षअखेर बुडालेलाच निघावयाचा, मग तिजोरींत कितीही पैसा असो. शिवाय दुसऱ्याचा हिशेब करितांना आपण त्याचें दुकान तेवढें पाहतों. त्याच्या घरचें देणें आपणांस दिसत नाहीं. शेजारच्या वर्गाचे गुरुजी फळ्यासमोर निर्धास्त उभे असलेले दिसतात. आदल्या रात्रीं तोच धडा ते तीनदां वाचून आले आहेत, हें कोणास ठाऊक? स्वतःचें मात्र सर्व आंतून दिसतें; प्रत्येक अडखळणें, प्रत्येक न समजलेला शब्द. आपल्या घराची मागची बाजू आणि दुसऱ्याच्या घराचा दर्शनी दरवाजा ह्यांची तुलना करून जो निकाल लागतो, त्यास न्याय कोण म्हणेल?

‘तोतया’ हा शब्द आम्हीं वापरला, तर एकदां खऱ्या तोतयाकडे पाहूं. सन १७६१ मध्यें पानिपतच्या लढाईंत सदाशिवरावभाऊ पडले. पुढें ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक इसम निघाला. सन १७७६ मध्यें तो कैदेंतून सुटला, कोंकणांत फौज जमवून बसला, पुष्कळांनीं त्यास मुजरे केले. आणि त्याच वर्षीं पकडला जाऊन त्यास देहान्त शासन झालें. ह्या मनुष्यास आपण भाऊ नाहीं हें पक्कें ठाऊक होतें. आपण खरे आहों कीं खोटे, अशी शंका त्याच्या वाट्यास येण्याचें कारणच नव्हतें. आमच्या शिक्षकास व परिचारिकेस आपण खोटे आहों असें वाटतें. ठाऊक असणें आणि वाटणें ह्यांत जें अंतर आहे, त्यांतच ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. तोतया दुसऱ्याचें नांव घेऊन मिरवितो. हीं माणसें स्वतःचेंच नांव घेतांना कचरतात.

राहिलेल्या अर्ध्या उत्तरासाठीं फार दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यांत तेरणेच्या कांठीं तेर गांव आहे, आणि तेथें गोरोबाकाकांचें देऊळ आहे. गोरोबा जातीनें व धंद्यानें कुंभार. त्यांची एक कथा महिपतीनें सन १७६२ मध्यें लिहिलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथांत आली आहे, आणि आपल्या भागांत ती म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडीं आहे. (आमच्या मंडळ्यांतील कोणी विचारतील कीं, ही कथा ह्या पत्रांत कशाला? त्यांस एवढेंच सांगतों कीं, ह्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर अमेरिकन मराठी मिशनच्याच जस्टिन अॅबट साहेबांनीं पंडित गोडबोले ह्यांच्या साह्यानें केलें आहे.) कथा अशी. संतमंडळी गोरोबांच्या घरीं जमली होती. तेथें पडलेलें थापटणें पाहून हें काय म्हणून विचारणा झाली. कोणी म्हणतात ती मुक्ताबाईनें केली, कोणी म्हणतात ज्ञानदेवांनीं. मडकें कच्चें कीं पक्कें हें ठोकून पाहण्याचें तें साधन, असें गोरोबांनीं सांगितलें. मग ह्या बसलेल्या मडक्यांत कच्चें कोणतें, तेंही पाहावें असें ठरलें. गोरोबांनीं एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत फेरी चालविली. सर्व स्थिर बसले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनीं निकाल दिला: हें मडकें कच्चें.

नामदेवांची कीर्ति तेव्हां थोडी नव्हती. देव ज्यांच्याशीं बोलतो म्हणून लोक सांगत, त्यांस भरसभेंत एका कुंभारानें कच्चें ठरविलें. एकाद्यास वाटेल, हीच ती वेळ जिचें आमच्या शिक्षकास रात्रंदिवस भय वाटतें. तशीच ती आहे. म्हणूनच गोरोबांनीं काय म्हटलें आणि काय म्हटलें नाहीं, इकडे नीट लक्ष द्यावें. त्यांनीं ‘कच्चें’ म्हटलें. ‘खोटें’ म्हटलें नाहीं.

कुंभाराचा धंदा ज्यांनीं जवळून पाहिला आहे, त्यांस ह्यांतला भेद सांगावा लागणार नाहीं. चाकावरून उतरलेलें मडकें सावलींत ठेवितात. तें थोडें आवळलें म्हणजे आंतून हाताचा आधार देऊन बाहेरून थापटण्यानें ठोकीत त्याचें पोट वाढवितात. मग तें सुकवून आव्यांत रचितात. आव्यांत जाण्यापूर्वीं त्यांत पाणी भरलें तर त्याचा चिखल होईल. म्हणून कुंभार त्यास फेकून देत नाहीं, आणि त्यांत पाणीही भरीत नाहीं; आवा पेटून निवेपर्यंत थांबतो. तें ठोकिलें असतां बद्द वाजतें, भाजलेलें खणखणीत वाजतें; पण माती दोहोंची एकच, आणि घडविणारा हातही एकच. कच्चें मडकें चुकून फुटलें तर त्याची माती भिजवून पुनः चाकावर चढवितां येते. भाजलेलें फुटलें तर खापर उरतें. कच्चेपणा हा मडक्याच्या आयुष्यांतला एक काळ आहे. त्यास गुन्हा कोणी म्हणत नाहीं.

खोट्या नाण्याची गोष्ट निराळी, आणि तिचाही दाखला तेरलाच सांपडतो. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या सागरी प्रवासवर्णनांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नांवाच्या पेठेचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जाई. हें तगर म्हणजेच आपलें तेर, असें फ्लीट ह्या पंडितानें सन १९०१ मध्यें दाखविलें. पुढें तेथें जीं उत्खननें झालीं, त्यांत रोमन नाण्यांच्या छापाबरहुकूम केलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या. बादशहाचें मुख उमटविलेलीं हीं मातीचीं नाणीं त्या काळचे लोक अलंकार म्हणून अंगावर घालीत असावेत, असें विद्वान म्हणतात. आतां पाहा. तें मातीचें नाणें कोणी हौसेनें गळ्यांत घातलें, तर तो दागिना झाला. तेंच कोणी वाण्याच्या हातीं देऊन त्याच्यापासून धान्य घेऊं म्हणेल, तर ती लबाडी झाली. वस्तु एकच, लबाडी मातींत नाहीं, देणाराच्या हेतूंत आहे. आणि खोट्या नाण्याचा दुसरा विशेष हा कीं, तें कितीही भाजलें तरी खरें होत नाहीं.

तेव्हां आपण खोटे आहों असें ज्यास वाटतें, त्यानें प्रथम स्वतःस विचारावें: मीं कोणास फसविण्यासाठीं कांहीं केलें आहे काय? खोटें प्रमाणपत्र दाखविलें काय? दुसऱ्याचें काम आपलें म्हणून सांगितलें काय? केलें असेल, तर त्यास हा लेख नको. त्यास वरिष्ठासमोर जाऊन कबुली हवी. पण केलें नसेल, तर ज्यास तो खोटेपणा म्हणतो तो बहुधा कच्चेपणा निघेल. पहिल्या वर्षाच्या शिक्षकास वर्ग आवरत नाहीं, नव्या ग्रामसेवकास दप्तराचा मेळ लागत नाहीं. ह्यांत नवल तें काय? आव्याच्या पहिल्या घटकेस मडकें पक्कें झाल्याचें कोणीं पाहिलें आहे?

नामदेवांनीं पुढें काय केलें, हेंही कथेंत आहे. ते विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले. टाळ खालीं ठेवून घरीं बसले नाहींत, आणि गोरोबांची परीक्षा खोटी असेंही म्हणत बसले नाहींत. त्यांचीं पदें पंजाबांत पोंचलीं. शिखांच्या ग्रंथसाहेबांत त्यांचीं ६१ पदें आहेत, आणि घुमान येथें त्यांची आठवण इतकी जागी आहे कीं, सन २०१५ चें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन महाराष्ट्र सोडून तेथें भरविलें गेलें.

आपल्या घरचें एक उदाहरण देण्यासारखें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक सन १९१९ मध्यें निवर्तले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य आरंभींच्या कांहीं अध्यायांवरच थांबलें होतें. तें पुढें नेलें लक्ष्मीबाईंनीं. शाळेचें तोंड ह्या बाईनें पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर घरींच. टिळकांसारख्या पंडित कवीच्या ओळीखालीं आपली ओळ लिहावयाची, म्हणजे जगानें दोन्हींची तुलना केल्याशिवाय राहावयाचें नाहीं, हें त्यांस कळत नव्हतें असें कोण म्हणेल? तरी त्यांनीं ६४ अध्याय लिहिले. आणि सन १९३४ पासून निघालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचा: मला हें येत नव्हतें, येथें माझी फजिती झाली, असें त्या पानोपानीं हंसत सांगतात. ज्यास आपला कच्चेपणा असा उघड्यावर मांडतां येतो, त्याच्यापाशीं उघडकीस येण्यासारखें उरतें काय? (त्यांच्या कवितासंग्रहाचें नांव ‘भरली घागर’ आहे; येथें मडक्यांचा विषय चालला आहे म्हणून सांगतों.)

येथवर आम्हीं ही शंका मनुष्याच्या मनांतच उपजते असें धरून बोललों. पण तसें नेहमीं नसतें. पुष्कळदां ती बाहेरून आणून लावलेली असते, आणि ह्या जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस हें सांगावें लागेल असें नाहीं. अमेरिकेंत रुचिका तुळशियान व जोडी-अॅन ब्युरी ह्या दोन लेखिकांनीं सन २०२१ मध्यें असा आक्षेप घेतला कीं, स्त्रियांस ‘तुम्हांला अमुक सिंड्रोम आहे’ असें सांगत बसण्यापेक्षां, ज्या कचेऱ्यांत त्यांस परकें वागविलें जातें त्या कचेऱ्या आधीं सुधाराव्या. आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे त्याचा पुरावा अधिक जुना आणि अधिक कडू आहे.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क व लंडन येथें शिकून सन १९१७ मध्यें बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. विद्या अस्सल, नेमणूक अस्सल, नेमणारा खुद्द संस्थानाचा अधिपति. तरी कचेरींतले पट्टेवाले त्यांच्याकडे कागद दुरून टाकीत, असें चरित्रकारांनीं लिहिलें आहे. राहावयास जागा कोठेंच मिळेना. शेवटीं पारशी लोकांच्या एका उतरण्याच्या जागेंत पारशी नांव लावून त्यांस राहावें लागलें. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांस तेथून निघावें लागलें. हा प्रसंग त्यांनीं स्वतः लिहून ठेविला आहे. आमचें म्हणणें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें: हा मनुष्य कोणत्याही अर्थानें तोतया नव्हता, ज्या एका ठिकाणीं त्यास दुसरें नांव घ्यावें लागलें, तेथें तें घ्यावयास भाग पाडणारे दुसरे होते. तेच पुढें सन १९४१ च्या फेब्रुवारींत आपल्या जिल्ह्यांतील कसबे तडवळें येथें महार-मांग वतनदारांच्या परिषदेस आले होते. त्या दिवसाच्या गोष्टी ऐकत वाढलेलीं माणसें आजही त्या बाजूस भेटतील.

म्हणून कोणीं ‘तूं ह्या जागेचा नव्हेस’ असा टोला दिला, तर तें थापटणें कोणाच्या हातांत आहे तें पाहावें. गोरोबांपाशीं तीन गोष्टी होत्या. त्यांस मडक्यांचें ज्ञान होतें. जन्मभर त्यांनीं तेंच काम केलें होतें. त्यांनीं सर्वांच्या डोक्यावर सारखेंच ठोकिलें. आपला म्हणून कोणास वगळलें नाहीं, परका म्हणून कोणास दोनदां मारलें नाहीं. आणि नामदेव कच्चे ठरल्यानें त्यांचा स्वतःचा कांहीं लाभ नव्हता. ज्याच्या ठिकाणीं ह्या गोष्टी आहेत, त्याचा टोला कडू लागला तरी घ्यावा. बडोद्याच्या पट्टेवाल्यांपाशीं त्यांतली एकही नव्हती. गांवांतला जो मनुष्य सरपंच बाईस ‘तुम्हांला काय कळतें, साहेबांना बोलूं द्या’ म्हणतो, त्यास ग्रामपंचायतीचें दप्तर कळतें काय? आधींच्या पुरुष सरपंचास त्यानें असें कधीं विचारलें होतें काय? महाराष्ट्रांत सन २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखलेल्या आहेत. तरी कित्येक गांवीं खुर्चीवर पति बसतो आणि सही तेवढी बाई करिते. त्या बाईस आपण नांवाच्याच सरपंच आहों असें वाटलें, तर दोष तिच्या मनाचा कीं खुर्चीवर बसलेल्या पतिराजांचा?

आतां आमच्या मंडळ्यांतील एका गैरसमजाविषयीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांतील आईबाप दरसाल ऊसतोडीस जात. त्यांची मुलगी वसतिगृहांत राहून शिकली आणि एका दवाखान्यांत परिचारिका झाली. तिचें काम चोख. कांहीं वर्षांनीं विभागाच्या मुख्य परिचारिकेची जागा निघाली, वरिष्ठांनीं तिला अर्ज करावयास सांगितलें, आणि तिनें केला नाहीं. आजवर निभावलें, वर गेलें कीं माझें अज्ञान उघडें पडेल, हें तिचें कारण. मंडळींतील एका वडील गृहस्थांनीं ह्यास नम्रता म्हणून तिची वाखाणणी केली. इकडे ती जागा कित्येक महिने रिकामी राहिली, आणि रात्रपाळीच्या नवशिक्या मुलींस अडल्या वेळीं विचारावयास कोणी नव्हतें. ही वाखाणणी आम्हांस मान्य नाहीं. नम्रता म्हणजे आपलें माप जेवढें आहे तेवढें सांगणें. शेरास पायली म्हणणें जसें खोटें, तसेंच पायलीस शेर म्हणणें हेंही खोटें; आणि बाजारांत दोन्ही मापें जप्त होतात. ज्या मुलीस खोटेपणाचें इतकें भय, तिनें स्वतःवरच खोटें माप चालवावें, आणि वडील माणसांनीं त्यास सद्गुण म्हणावें, हें बरें नव्हे. मोशेची गोष्ट आमच्या उपदेशकांस पाठ आहे. मी कोण, मला बोलतां येत नाहीं, माझी जीभ जड आहे, ह्या सर्व सबबी देवानें शांतपणें ऐकून घेतल्या व एकेकीचें उत्तर दिलें. राग आला तो, दुसऱ्या कोणास पाठीव असें मोशेनें म्हटलें तेव्हां. आणि त्या रागांतही अहरोन सोबतीस दिलाच.

ह्याचा अर्थ प्रत्येक शंका खोटी असा मात्र कोणी करूं नये. परवाना नसतां सुई टोचीत खेडोपाडीं फिरणारे बोगस डॉक्टर आपण पाहतों; त्यांच्या तोंडावर शंकेची एक सुरकुतीही दिसत नाहीं. ती असती तर कित्येकांचे प्राण वांचले असते. ज्यास शंका येते, त्यास निदान पक्केपणाची किंमत कळली आहे. त्यानें तिचा उपयोग करून घ्यावा. कोणतें काम येत नाहीं, तें नांव घेऊन सांगावें. ‘मला कांहींच येत नाहीं’ ह्या रडण्यानें शिकविणारासही दिशा मिळत नाहीं. शिक्षक असेल, तर जूनमध्यें किती मुलांस वाचतां येत नव्हतें आणि मार्चमध्यें किती वाचूं लागलीं, हें हजेरीपटाच्या मागें लिहून ठेवावें. आपल्या मनास काय वाटतें त्यापेक्षां त्या मुलांची साक्ष अधिक भरंवशाची. आणि ज्यास तें काम येतें त्याच्याकडे जाऊन ‘मला हें येत नाहीं, दाखवा’ म्हणावें. हें वाक्य साधें दिसतें. पण खऱ्या तोतयास तें कधींच उच्चारतां येत नाहीं. भाऊसाहेबांची सही कशी असे, हें भाऊचा तोतया कोणास विचारणार होता?

ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यांत भूकंप झाला. त्यांत आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं. आपल्या जिल्ह्यांतलें व लातुरांतलें क्वचितच एकादें गांव असें असेल कीं, जेथें कोणी सोयरा दगावला नाहीं. चिखलांत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर मातीचें जड माळवद, ह्यांखालीं तीं माणसें सांपडलीं. पुढें सरकारनें उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती व मजबुती करण्याची योजना काढली, आणि लोकांस ती समजावून सांगण्याच्या कामीं स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेस घेतलें. दोन्ही जिल्ह्यांतल्या हजाराहून अधिक गांवांत स्त्रियांस ‘संवाद साहाय्यक’ नेमण्यांत आलें. माळवदाची माती कमी करणें, भिंतींत आरपार दगड बसविणें, भिंतीवरून चारी बाजूंनीं पट्टा फिरविणें, अशा गोष्टी ह्या बायकांनीं आधीं आपण शिकावयाच्या, मग घरमालकास सांगावयाच्या, आणि गवंडी तसें करितो कीं नाहीं तें पाहावयाचें. ज्या गांवांत बाईनें चावडीवर पुरुषांसमोर बसावयाचें नाहीं, तेथें तिनें गवंड्यास ‘हा दगड भिंतीच्या पलीकडे निघाला नाहीं’ म्हणून सांगावयाचें! ‘आम्हांला काय कळतें’ हें वाक्य लहानपणापासून ऐकलेल्या ह्या बायका. इंजिनिअरची विद्या त्यांच्यापाशीं नव्हती, आणि आहे असें त्यांनीं दाखविलेंही नाहीं. जेवढें शिकविलें तेवढें शिकल्या, अडलें तें विचारलें, आणि दारोदार फिरल्या.

ता. २६ जानेवारी २००१ रोजीं गुजराथेंत कच्छाकडे भूकंप झाला, तेव्हां ह्यांच्यापैकीं कांहीं बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, घरांची धाटणी वेगळी. पण पडलेल्या भिंतीशेजारीं बसलेल्या बाईस पुढें काय काय विचारावयाचें असतें, मदतीचा हप्ता केव्हां मागावा, गवंड्याच्या कामांत नजर कोठें ठेवावी, हें त्यांस ठाऊक होतें. आणि तिकडच्या बायका त्यांच्याभोंवतीं बसून तेंच विचारीत होत्या.